नामदार गोखले आणि शिक्षणाचा खर्च

राष्ट्राच्या उत्पन्नाचा किती हिस्सा मुलांच्या विद्येकडे लावावा, हा वाद निघाला म्हणजे आम्हांस नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र आठवते. व्यापारी वाचकांस ते विशेष रुचावे. कारण हा गृहस्थ वक्तृत्वापेक्षा हिशेबाने लढला.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी त्यांचा जन्म झाला. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली व त्यांतील ८ रुपये ते गोपाळरावांच्या शिक्षणास पाठवीत. निम्म्याहून अधिक उत्पन्न विद्येवर घालणारे हे घर काही सावकाराचे नव्हते! १८८४ साली गोपाळराव बी. ए. झाले व पुढे पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक राहिले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे.

१९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा डौल मिरवीत होते. गोखल्यांनी दाखविले की, दुष्काळाने रयत खंगली असता तिजोरीत शिल्लक पडते ती भरभराटीमुळे नव्हे, तर कर गरजेबाहेर घेतल्यामुळे. १९०३ पासून मिठावरील कर उतरू लागला, त्यात या टीकेचा वाटा होता.

१९१० साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला व देशोदेशींचा दरडोई सरकारी खर्च सभेपुढे मांडला: अमेरिकेत १६ शिलिंग, इंग्लंडात १०, हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. तेव्हाच्या भावाने एक पेनी म्हणजे एक आणा. लॉर्ड कर्झन यांच्या १९०१ च्या अंदाजाप्रमाणे येथील माणशी वार्षिक उत्पन्न ३० रुपये, म्हणजे ४८० आणे. त्यांतला एक आणा मुलांच्या शाळेला! हा भागाकार आमचा आहे. वाचकांनी तो खुशाल ताडून पाहावा. देशच दरिद्री, खर्च कोठून करणार, असे म्हणणाऱ्यांस बडोद्याचे उत्तर होते. तेथे सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीच्या शिक्षणास आरंभ करून पुढे ते सर्व राज्यात नेले होते.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी आपले विधेयक मांडले. ते फार सावध होते. आमच्या मते अंमळ जास्तच सावध. सक्ती प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, तीही स्थानिक संस्थेने मागितली तर. मुलींची पाळी मागाहून. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकास फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेचा, दोन तृतीयांश सरकारचा. पैसा कोठून आणावा हेही त्यांनी सांगितले: आयात मालावरील जकात शेकडा ५ वरून ७½ करावी. वेळ पडल्यास मिठावर मणामागे आठ आणे वाढविण्यासही ते राजी होते. ज्याने मिठावरील कराविरुद्ध झुंज दिली, त्याच्याच तोंडी हे यावे! गरिबाच्या ताटातून काढून त्याच्याच मुलाची फी भरणे आम्हांस पटत नाही. लष्कराचा प्रचंड खर्च समोर असता तर मुळीच नाही. परंतु आपल्या मागणीची किंमत लपवून ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते, एवढे खरे.

१९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सरकारी बाकांबरोबर काही हिंदी सभासदही विरोधात गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४८ होते.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांस सक्तीचा अधिकार मिळाला. पुढे कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते, १९६६ साली असा सल्ला दिला की, १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे शेकडा ६ शिक्षणावर खर्च व्हावेत. मुदत टळली, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तोच शेकडा सहाचा आकडा पुन्हा लिहावा लागला.