ऊन न लागणाऱ्या कमरेवर स्किन कॅन्सर का होतो, हे सांगणारा मराठी डॉक्टर

मे महिन्यात दुपारी बारा वाजता शिरूर किंवा दौंडच्या शिवारात उभं राहून बघा. कुणी उसाला पाणी देतंय, कुणी कांदा भरतंय. इथल्या माणसांचा अख्खा जन्म उन्हात जातो. आणि मोबाईलवर एखादी रील येते की उन्हात फिरलं की स्किन कॅन्सर होतो.

मग साहजिकच प्रश्न पडतो. असं असेल तर आपल्याकडं घरटी एक पेशंट असायला हवा होता. तसं का नाही?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या कातडीत आहे आणि उरलेलं अर्धं एका मराठी डॉक्टरच्या कामात. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकर म्हटलं की आपल्याला चि. त्र्यं. खानोलकर आठवतात. पण या दुसऱ्या खानोलकरांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात, हे फार कमी जणांना माहितीये.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. डॉक्टरकी शिकायला ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये तिथून पॅथॉलॉजीत एमडी झाले. पॅथॉलॉजी म्हणजे शरीरातला छोटासा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून रोग ओळखायचं शास्त्र. भारतात परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं.

१९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या लॅबची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली. देशभरातून पेशंट येऊ लागले. खानोलकर फक्त गाठ बघून थांबले नाहीत. माणूस कुठल्या भागातला आहे, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही त्यांनी बघायला सुरुवात केली.

तेव्हा जगभरात स्किन कॅन्सरचं नाव उन्हाशी जोडलेलं होतं. गोऱ्या लोकांमध्ये तो चेहरा, कान, हाताची मागची बाजू अशा ऊन लागणाऱ्या जागी दिसतो. उन्हातली अतिनील किरणं पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन त्यातली बरीचशी किरणं अडवतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियात स्किन कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वांत जास्त गणलं जातं, आणि आपल्याकडं ऊन असूनही तो तुलनेनं खूप कमी आहे.

पण मुंबईत वेगळंच काहीतरी दिसत होतं. काही पेशंटना स्किन कॅन्सर झाला होता तो थेट कमरेवर. जिथं ऊन कधी पोचतच नाही अशा जागी.

कारण सापडलं ते धोतरात. वर्षानुवर्षं रोज त्याच जागी घट्ट आवळलेलं धोतर, त्यात घाम आणि सततचं घासणं. आधी कातडी काळी पडते किंवा रंग उडून पांढरी होते. मग खाज सुटते, पापुद्रे निघतात, जखम होते. ती भरते आणि पुन्हा उघडते. अशा जखमेचा काही जणांमध्ये पुढं कॅन्सर होतो.

१९४५ मध्ये खानोलकरांनी डॉ. सूर्याबाईंसोबत यावर शोधनिबंध लिहिला. त्यात सवयींमुळं होणारे भारतातले तीन नवे कॅन्सर मांडले होते. पहिला हा धोतराचा. दुसरा आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे चिरूट, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. तिसरा ओठाच्या आत खैनी धरणाऱ्यांचा. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा कॅन्सर काजळीशी जोडला होता. हे काम त्याच वाटेवरचं होतं.

सांगायचं हे होतं की कॅन्सर हा फक्त नशिबाचा खेळ नाही. कारण सवयीत असेल तर सवय बदलून तो टाळता येतो. १९५५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू खाणं-ओढणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंधही आकडेवारीनिशी मांडला.

पुढं मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचं नेतृत्व त्यांनी केलं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या. कुष्ठरोगावरही त्यांनी मोठं काम केलं. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषण मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले.

आता परत शिरूर-दौंडला येऊ.

धोतर नेसणारे आजोबा आता कमी झाले, पण परकराची नाडी तशीच आहे. साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवरही असाच कॅन्सर झाल्याचं डॉक्टरांनी पुढं नोंदवलंय. बऱ्याचदा कमरेवरचा डाग नायटा म्हणून सोडून दिला जातो आणि मेडिकलमधून मलम आणून लावलं जातं. उपाय तसा सोपा आहे. नाडी सैल बांधा, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी वापरा, रोज त्याच जागी आवळू नका.

तीच गोष्ट जुन्या भाजल्याच्या व्रणाची. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर. उकळत्या काकवीनं भाजलेल्या जागेवर बऱ्याच वर्षांनी जखम झाली आणि ती भरत नसेल तर ती तपासून घ्यायला हवी. तळपायावर किंवा नखाखाली नवा, वाढत जाणारा काळा डाग दिसला तरी तेच.

म्हणजे उन्हाला मोकळं रान द्यायचं का? तर नाही. ज्यांच्या कातडीत जन्मापासून रंगद्रव्य नसतं त्यांच्यासाठी आपलं ऊन खरंच धोक्याचं आहे. त्यांनी पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन सोडू नये. बाकीच्यांनाही उष्माघात आणि डोळ्यांचा त्रास आहेच, त्यामुळं डोक्यावरचा पंचा आणि पदर राहू द्या.

पण महिनाभर न भरणारी जखम शरीरावर कुठंही असो, ऊन लागणाऱ्या जागी किंवा कपड्याखाली, ती डॉक्टरांना दाखवाच. छोटा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला की निदान होतं. वेळेत सापडला तर हा कॅन्सर बहुतेक वेळा ऑपरेशननं बरा होतो.

आज घरी गेल्यावर आजीला एकदा विचारा, नाडीखाली काही डाग आहे का?