सत्येन बोसांची जर्मन

२०१२ साली ‘हिग्ज बोसॉन’ची बातमी आली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी बोसॉन हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. त्यातले बोस म्हणजे कोलकात्याचे सत्येंद्रनाथ बोस, जन्म १ जानेवारी १८९४. आपल्या गणिताच्या तासांची आठवण ज्यांना अजून येते त्यांना सांगायलाच हवं, की हिंदू स्कूलमधल्या मास्तरांनी या मुलाला शंभरापैकी एकशे दहा गुण दिले होते. पठ्ठ्याने काही गणितं एकाहून जास्त रीतींनी सोडवली होती!

पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात मेघनाद साहा त्यांचे वर्गमित्र. १९१५ च्या एम.एस्सी.ला बोस पहिले, साहा दुसरे. दोघांना विद्यापीठाच्या नव्या सायन्स कॉलेजात नेमलं गेलं, पण शिकवायचं काय? नवं भौतिकशास्त्र बहुतेक सगळं जर्मनमध्ये होतं आणि महायुद्धामुळे जर्मन पुस्तकं येणं बंद होतं. साहांनी ढाक्यात कॉलेजात असतानाच जर्मन घेतलं होतं, बोसही शिकले. शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रा. ब्रुल यांच्याकडून पुस्तकं उसनी आणून दोघं वाचत. वर्गमित्र असावा तर असा. १९२० मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने छापला.

१९२४ मध्ये बोस ढाक्यात शिकवत होते. प्लांकच्या नियमाची पुस्तकातली मांडणी त्यांना पटेना. प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, असं धरून त्यांनी तो नियम नव्याने काढला आणि लेख थेट आइन्स्टाइनला पाठवला. त्याचं जर्मन भाषांतर करण्याइतकी आपली जर्मन चांगली नाही, हेही मोकळेपणाने कळवलं. मला हे फार आवडतं. वाचण्यापुरती भाषा येत होती, आणि तेवढीच त्यांना इथवर घेऊन आली होती. भाषांतर मग खुद्द आइन्स्टाइनने केलं आणि छापूनही आणलं.

आइन्स्टाइनच्या एका पोस्टकार्डाने पुढचं काम केलं. ढाका विद्यापीठाने दोन वर्षांची रजा मंजूर केली, जर्मन वकिलातीने व्हिसाची फी घेतली नाही. आधी पॅरिस. तिथे मादाम क्युरींनी त्यांना प्रयोगशाळेत येण्याआधी फ्रेंच शिकून घ्यायला सांगितलं. फ्रेंच येतं हे सांगायचं बोसांना भिडेपोटी जमलंच नाही! मग १९२५ मध्ये बर्लिन, आणि आइन्स्टाइनची भेट. त्यांच्या पत्रामुळे ग्रंथालयातून पुस्तकं घरी नेता येऊ लागली. ज्यांनी उसन्या पुस्तकांवर दिवस काढले, त्यांना याचं काय वाटलं असेल!

१९२६ मध्ये ते ढाक्याला परतले आणि डॉक्टरेट नसताना प्राध्यापक झाले. १९४८ मध्ये त्यांनी कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद काढली. विज्ञान बंगालीतून शिकवता येतं यावर ते अडून राहिले, १९७४ मध्ये जाईपर्यंत.