छातीतला आवाज ऐकणारे वैद्य : रेने लाएनेक

पावसाळा आला की खोकला घरोघरी मुक्कामाला येतो. कोणाचा चार दिवसांत जातो, कोणाचा महिनाभर रेंगाळतो, तर एखाद्याला थेट रुग्णालयात नेऊन सोडतो. लक्षण एक, पण त्यामागचे आजार निरनिराळे. हे आजार जिवंत माणसाच्या छातीवरूनच वेगळे ओळखता येतात, हे ज्यांनी सप्रमाण दाखवून दिले, ते फ्रेंच वैद्य रेने लाएनेक. १३ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन.

१७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर येथे त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षी आई गेली. पुढे नाँत शहरात वैद्यकी करणाऱ्या काकांनी त्यांना वाढवले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतच, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते काकांच्या हाताखाली वैद्यक शिकू लागले. १८०१ मध्ये ते पॅरिसला आले आणि नामांकित वैद्य कॉर्व्हिसार यांचे शिष्य झाले. दोनच वर्षांत वैद्यक आणि शल्यक्रिया या दोन्ही विषयांची पारितोषिके त्यांनी मिळवली. देहयष्टी किरकोळ, प्रकृती तोळामासा. बासरीवादनाचा मात्र मनस्वी छंद.

त्या काळी छातीच्या रोगाचे निदान म्हणजे बरेचसे अनुमानच असे. नाडी पाहावी, थुंकी पाहावी, रुग्णाची हकिगत ऐकावी, एवढेच हाती होते. व्हिएन्नाचे वैद्य ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून परीक्षा करण्याची रीत मांडली होती आणि कॉर्व्हिसार यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली होती. छातीला प्रत्यक्ष कान लावण्याची पद्धतही होती; पण ती अवघडल्यासारखी वाटे, आणि स्थूल रुग्णाच्या बाबतीत निरुपयोगी ठरे.

१८१६ मध्ये नेकर रुग्णालयात लाएनेक यांच्यासमोर नेमका हाच पेच उभा राहिला. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण, स्थूल स्त्री तपासायची होती. लाकडाच्या एका टोकाला केलेला बारीकसा आवाज दुसऱ्या टोकाला कान लावला की स्पष्ट ऐकू येतो, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. प्रत्यक्ष कानाने कधी आला नव्हता इतका स्वच्छ आवाज आला. पुढे त्यांनी स्वतः लाकूड कातून सुमारे एक फूट लांबीची नळी बनवली. ग्रीक शब्दांवरून तिला स्टेथोस्कोप हे नाव दिले.

खरे कष्ट यानंतरचे. रुग्णाच्या छातीत ऐकलेला प्रत्येक आवाज त्यांनी टिपून ठेवला आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात फुफ्फुस पाहून त्याचा अर्थ लावला. न्यूमोनियाच्या आरंभी तापल्या तव्यावर मीठ तडतडावे तसा बारीक आवाज येतो. श्वासनलिका सुजून अरुंद झाल्या की शिट्टी वाजते. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचले तर रुग्णाचा आवाज शेळीच्या ओरडण्यासारखा कापरा ऐकू येतो. क्षयाने फुफ्फुसात पोकळी पडली तर शब्द थेट छातीतूनच निघाल्यासारखे नळीत उमटतात. १८१९ मध्ये हे सारे दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. आजचे डॉक्टरही बहुतांशी हीच परिभाषा वापरतात.

रोग ओळखता आला, पण तो बरा करणारे औषध त्यांच्या काळात नव्हते. वर्षानुवर्षे क्षयाच्या रुग्णांत आणि शवागारात वावरलेल्या लाएनेक यांना हा रोग संसर्गजन्य असल्याची खात्री पटली नव्हती. अखेर तोच रोग त्यांना जडला. १८२६ मध्ये, ग्रंथाची दुसरी आवृत्ती हातावेगळी करून, ते ब्रिटनीतील आपल्या घरी परतले. नात्यातील तरुण डॉक्टर मेरियादेक यांनी त्यांच्याच नळीने त्यांची छाती तपासली आणि ऐकू आलेले आवाज त्यांना सांगितले. अर्थ सांगण्याची गरज नव्हती. १३ ऑगस्ट रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे आणला तो १८८२ मध्ये.

लाएनेक यांना जे लाभले नाही, ते आज आपल्या हाताशी आहे. नाक वाहणे, शिंका आणि घसा खवखवणे ही साध्या सर्दीची चिन्हे. एकाएकी चढलेला ताप, अंगदुखी आणि गळून गेल्यासारखा थकवा बहुधा फ्लूचा. तापाबरोबर धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा लहान मुलाचा श्वास भरभर चालू लागला, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. म्हणून उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. खोकताना तोंड झाकणे, हात धुणे, धूम्रपान टाळणे आणि पावसातही घरात वारा खेळता ठेवणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. ज्येष्ठांनी, गर्भवतींनी आणि दमेकऱ्यांनी फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सोबत संध्याकाळचा ताप असो वा नसो, तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते, आणि औषधेही मोफत मिळतात. ज्या रोगाने लाएनेक गेले, तो आज पूर्ण उपचार घेतल्यास बरा होतो. मात्र तो वेळेत ओळखला गेला पाहिजे.