धर्मानंद कोसंबी : देवांच्या गर्दीतून बुद्ध शोधणारे



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही अशा एका माणसाचं चरित्र थोडक्यात देत आहोत, ज्यांचं नाव आपल्या चाळींतून फारसं घेतलं जात नाही. पण याच परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजनविहार चालवला होता. ते म्हणजे कालकथित धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण घरात झाला. शाळा जेमतेम, नारळाच्या बागा बघायच्या आणि घरात देवदेवस्की. अशात एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि माणूस पार बदलून गेला. १८९९ साली बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली सिंहलद्वीपात जाऊन श्रामणेर झाले, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. घरच्यांनी काय सोसलं असेल, हेही आम्ही विसरता कामा नये.

परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवण्याची चांगली नोकरी मिळाली. ती सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात आले. कारण काय, तर बुद्ध मराठीत सांगायचा होता. पुढे अमेरिकेत हार्वर्डला गेले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. १९३७ च्या सुमारास परळला बहुजनविहार उभा राहिला आणि ते तिथे राहू लागले. काही वर्षांनी तिथून बाहेर पडले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

आता मुद्द्याचं. पाली ग्रंथांत देव पुष्कळ आहेत. इंद्राला तिथे सक्क म्हणतात, आणि तो बुद्धापुढे हात जोडून उभा असतो. ब्रह्मा येऊन धम्म सांगायची विनंती करतो. आणि मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या मनाच्या चार अवस्थांना पालीत ब्रह्मविहार असं नाव आहे. म्हणजे लोकांचा जुना शब्द घेऊन बुद्धाने तो आभाळातून माणसाच्या मनात आणून ठेवला, असं आम्हांला वाटतं.

कोसंबींनी हीच चाळणी खुद्द बुद्धचरित्राला लावली. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा मागाहूनची आहे, हे त्यांनी त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांडलं. जुन्या सुत्तात तर आईबाप रडत असताना त्याने घर सोडल्याचं आहे. शाक्य-कोलियांचं रोहिणीच्या पाण्यावरून भांडण आणि उगारलेली शस्त्रं, हे खरं कारण त्यांनी पुढे आणलं. पुढे बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही रोहिणीचा तंटा आहे.

आम्ही हे का सांगतो? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या आयाबायांनी देव्हारे रिकामे केले. पण आज पोराला ताप आला की कुणी गंडा बांधतो, कुणी बुद्धाच्या मूर्तीलाच नवस बोलतो. व्हिएतनामच्या लोककथांतही बुद्ध 'बुत' नावाचा म्हातारा होऊन रडणाऱ्या पोरीच्या मदतीला धावतो. लोकांच्या मनाची ही जुनी सवय आहे, त्यात कुणाला हसू नये. पण नवस बोलायचा तर दगडाचा देव काय वाईट होता? मग धर्मांतर केलं कशाला?

म्हणून आमची एकच विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर कोसंबींच्या पुस्तकातली चार पानं विहारात मोठ्याने वाचावीत. पटेल ते घ्यावं, न पटेल त्यावर वाद घालावा. पोरांनाही प्रश्न विचारू द्यावेत.

नमो बुद्धाय! जयभीम!