कमलाबाई निंबकर, ऑक्युपेशनल थेरपी आणि तुमच्या मुलाचा वर्ग

पेन्सिल धरली की तुमच्या मुलाचा हात लवकर दुखतो, किंवा ते पाच मिनिटेही एका जागी बसत नाही, म्हणून शाळेतून तक्रारी येतात. माधवनगरमधील अशा मुलालाही डॉक्टर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. तेव्हा पालक गोंधळतात, एवढ्याशा मुलाला कसला व्यवसाय? इथे व्यवसाय म्हणजे नोकरी-धंदा नव्हे. जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे ही रोजची कामेच.

हा उपचार आपल्याकडे रुजवला कमलाबाई निंबकर यांनी. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लुंडी, जन्म 1900 साली अमेरिकेत. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून त्या भारतीय झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या हे शास्त्र शिकायला पुन्हा अमेरिकेत गेल्या. (आता या वयात काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.) परतल्यावर 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली. 1979 मध्ये त्यांचे निधन झाले.

या उपचारात मुलाला बदलण्याआधी काम बदलून पाहतात. पाय लटकत असतील तर पायाखाली पाट द्यायचा, पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड करायची, फळ्यावरचे दहाऐवजी चारच ओळी उतरवून घ्यायला सांगायचे. बाजाराचा धडा असेल तर एक मूल भाव लिहील, दुसरे खरी नाणी मोजेल, तिसरे तोंडी हिशेब सांगेल. धडा एकच, वर्गही एकच. मूल मागे पडते ते बहुतेकदा इथे, कारण उत्तर येत असूनही ते लिहून दाखवता येत नाही आणि त्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

सातारा जिल्ह्यातील फलटणला कमलाबाईंच्या नावाने मराठी माध्यमाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन.

थेरपिस्टकडे जाताना मुलाची वही, पेन्सिल आणि दप्तर बरोबर न्या. वर्गात ते कुठे व कसे बसते याचा फोटोही दाखवा. परत येताना वर्गशिक्षकांसाठी दोन-तीन सोप्या सूचना मराठीत लिहून मागा आणि महिन्याभराने त्यांना विचारून पुन्हा भेटीला जा.