शिकारीच्या तळावरची पंगत

वसई-विरारच्या पूर्वेकडील तुंगारेश्वर, कामणदुर्ग आणि टकमक या डोंगरांवर पावसाळा ओसरला की भटक्यांची गर्दी सुरू होते. दोन दिवसांची भटकंती असली तरी निघण्यापूर्वी घरोघरी एकच खल चालतो. पाठीवर किती ओझे न्यायचे, कोणते अन्न टिकेल, पाणी कोठे मिळेल? याच रानांत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या आदिवासींनी हा प्रश्न तांदळाची भाकरी, सुकट आणि मिठाची पुरचुंडी यांवर सोडविला होता. राजेरजवाड्यांच्या शिकारीत मात्र तो इतका सोपा नव्हता. तेथे शेकडो माणसे आणि जनावरे आठ-आठ दिवस रानात राहत. काय शिजवायचे याइतकाच शिधा कोणाच्या डोक्यावरून न्यायचा, कोणी रांधायचे आणि कोणी कोणाशेजारी बसून जेवायचे हाही प्रश्न तेथे असे. महाराष्ट्रात या प्रश्नांना शिकारीच्या तळावरच उत्तर देणारा एक राजा होऊन गेला. ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जयसिंगराव आबासाहेब व राधाबाई यांचे हे पुत्र. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. राजकोटला भावनगरचे भावसिंहजी यांच्याशी जडलेला स्नेह पुढे आयुष्यभर टिकला आणि या दोघांच्या समान आवडींत शिकार अग्रस्थानी होती. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

धिप्पाड देह, कुस्तीचा षोक, घोडेस्वारीत कोणाला हार न जाणारा हा तरुण राजा राजवाड्यात फारसा रमला नाही. शहराबाहेरच्या सोनतळीचा तळ त्यांना अधिक प्रिय होता. संस्थानचा भूगोलही शिकाऱ्याला मोह पाडणारा होता. पश्चिमेला दाजीपूर-राधानगरीचे दाट, ओले सह्याद्रीचे रान. तेथे गवे, सांबरे आणि वाघ. पूर्वेला हातकणंगले, शिरोळ, रायबागकडची उघडी माळराने. तेथे काळविटांचे कळप आणि उसात, झुडपांत दडणारी रानडुकरे. डुकराची शिकार घोड्यावरून भाल्याने करावयाची आणि काळविटाची शिकवलेल्या चित्त्याकडून. चित्त्यांची निगा राखण्यासाठी कोल्हापुरात चित्तेखाना होता. भारतातले चित्ते दुर्मीळ होत गेले तसे आफ्रिकेतूनही चित्ते आणविण्यात आले.

अशा शिकारीचा मुक्काम म्हणजे एक फिरते गावच. रानात दिवसभर धावणाऱ्या माणसाला दिवसाकाठी सहाशे-सातशे ग्रॅम तरी धान्य लागते. हाका घालून रान उठविणारी शंभर माणसे आणि पाच दिवसांचा मुक्काम एवढाच हिशेब मांडला तरी तीन क्विंटलांहून अधिक पीठ-तांदूळ हवे. घोड्यांचा हिशेब निराळा. रोजचा चंदी-दाणा प्रत्येकी चार किलो धरला तर वीस घोड्यांना तेवढ्याच दिवसांत चार क्विंटल, म्हणजे माणसांपेक्षा जनावरांचीच भूक मोठी. हत्ती असेल तर त्याला रोज दीड-दोनशे किलो वैरण. चित्त्याला ताजे मांस, तेही वेळेवर, कारण भरल्या पोटी तो धावत नाही आणि फार उपाशी ठेवला तर अंगातली ताकद जाते. काळवीट पडताच त्याला सावजापासून सोडविण्यासाठी लाकडी पळीतून रक्त पाजण्याची जुनी रीत होती. शिकारीतील प्राण्याच्या आहाराचे नियोजन असे मिनिटांवर आलेले असे.

माणसांच्या अन्नात टिकाऊपणाला महत्त्व. साधी ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, पण दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दोन-तीन दिवस खाता येते. लसणाची सुकी चटणी, तिळकूट, गूळ, कांदे आणि डाळीचे पीठ यांवर रानात दिवस काढता येतात, कारण पिठले करायला चूल पेटली आणि पाणी उकळले की पुरे. पश्चिमेच्या रानात तांदूळ व नाचणी, पूर्वेच्या माळावर ज्वारी, असा प्रदेशानुसार शिधा बदले. ताज्या शिकारीचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे. उरलेल्याच्या पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवण्याची रीत मराठी मुलखातील कष्टकरी जातींना पूर्वापार माहीत होती. या वाळलेल्या मांसाला चान्या म्हणतात. पण शिकार मिळेलच या भरवशावर शिधा कमी नेणारा मुक्काम हमखास उपाशी राहतो. म्हणून जाणता शिकारी मांस हिशेबात धरीतच नाही. मिळाले तर ती चैन.

इथवरचा हिशेब कोणत्याही संस्थानच्या शिकारखान्याला लागू पडेल. पण या शिध्याची बाजारातली किंमत दौलतीतून दिली, तरी तो वाहून नेणारे हात फुकटचे असत. वेठ-वरळ्याच्या प्रथेनुसार साहेब किंवा सरदार मुक्कामाला आला की गावच्या महारांनी जळण फोडायचे, वैरण आणायची, घोड्यांना पाणी दाखवायचे आणि मुक्काम हलला की सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचते करायचे. स्वतःच्या घरचा दाणा संपला असला तरी नकार देण्याची सोय नव्हती, कारण वतनाच्या नावाखाली मिळालेल्या जमिनीच्या तुकड्याने सारे कुटुंब या कामाला बांधलेले असे. गावाकडून कोंबडी, अंडी, दूध घेतले जाई, त्याचेही दाम मिळेलच असे नव्हते. शिकारीचा षोक राजाचा आणि भार गावाच्या शेवटच्या घरावर.

शाहू महाराजांना हे सारे कळण्याचे एक कारण शिकारच होते, असे म्हणावयास हवे. दौऱ्यावर निघालेल्या राजाला कामदार जे दाखवितात तेच दिसते. पण घोडा डुकरामागे आडरानात गेला म्हणजे राजा एकटा एखाद्या वस्तीवर जाऊन पोचतो. महाराज शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याची भाकरी-चटणी खात, याच्या आठवणी कोल्हापूरच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. भाकरी कशाची आहे यावरून घरातली स्थिती कळते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. कारभार हाती घेऊन दोन-तीन वर्षे होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग आला. त्या काळात त्यांनी गावोगाव फिरून पाहणी केली, स्वस्त धान्याची दुकाने उघडविली, व्यापाऱ्यांनी मूळ किमतीला धान्य विकावे व तोटा दरबारने सोसावा अशी व्यवस्था लावली आणि जनावरांच्या वैरणीकडेही लक्ष पुरविले. पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. ज्या रानात ते गव्यामागे हिंडले त्याच परिसरातले ते पाणी होते.

१८९९ मध्ये वेदोक्ताचे प्रकरण घडले आणि खुद्द छत्रपतींनाही जातीच्या उतरंडीत कोठे उभे केले जाते याचा दाहक अनुभव त्यांना आला. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्या-जेवण्याची सोय झाल्याशिवाय शाळा निरर्थक आहे, हे या व्यवस्थेमागचे साधे गणित होते. मात्र ही वसतिगृहे जातवार होती आणि पंगतीही जातवारच राहिल्या. राजाची इच्छा असूनही शहरात जे साधले नाही ते रानातल्या तळावर आधी घडू लागले.

सोनतळीच्या परिसरात महाराजांनी फासेपारध्यांना वसविले. इंग्रजी अमलात ज्यांच्यावर गुन्हेगार जमात असा शिक्का होता आणि ज्यांना रोज पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, त्यांनाच महाराजांनी पहारेकरी नेमले. रानातले माग काढणे, जाळी लावणे, पाणवठे ओळखणे यांत पारध्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शिकारीत त्यांच्याशिवाय पान हलत नसे. जे हात सावज शोधून देतात त्यांच्या हातचे अन्न मात्र चालत नाही, ही विसंगती तळावर उघडी पडे. महाराज तेथे त्यांच्यात वावरत आणि त्यांच्या भाकरीलाही नाही म्हणत नसत. १९१८ मध्ये संस्थानात हजेरीची पद्धत बंद झाली. माहुताच्या आणि गाडी हाकण्याच्या कामावर अस्पृश्य समाजातील माणसे नेमली गेली. सवर्ण मानकऱ्यांना त्यांच्या शेजारी बसणे भाग पडले.

त्याच वर्षाने महाराजांवर मोठा आघात केला. १९१८ च्या जूनमध्ये त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मरण पावले. ज्या छंदावर आयुष्यभर प्रेम केले त्यानेच तरुण मुलगा नेला. विवाहाला जेमतेम वर्ष झालेल्या सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी सनातनी मंडळींचा विरोध न जुमानता सोनतळीलाच केली.

महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा पद्धतीने त्यांच्याच नावे करून देण्याचा हुकूम १९१८ चाच. १९२० मध्ये वेठ-वरळा कायद्याने बंद झाला. शिकारीच्या मुक्कामाचे जळण, वैरण आणि ओझे यांना आता मजुरी मोजावी लागणार होती. राजाने स्वतःच्या षोकाचा खर्च असा वाढवून घेतला. हुकूम निघाला त्या दिवशी साऱ्या गावांतली वेठ थांबली असे समजण्याचे कारण नाही, पण नकार देणाऱ्याच्या पाठीशी आता कायदा उभा होता. हे किती अगोदर घडले याचा अंदाज आजच्या पालघर जिल्ह्यातील वाचकाला सहज येईल. तलासरी, डहाणू भागातील वारली सावकार-जमीनदारांच्या वेठीतून सुटण्यासाठी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले ते १९४५ मध्ये, म्हणजे आणखी पंचवीस वर्षांनी.

२१ व २२ मार्च १९२० रोजी हातकणंगल्याजवळच्या माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाराजांचा तळ त्या वेळी शिकारीनिमित्त जवळच होता आणि ते तळावरूनच परिषदेस आले. आंबेडकरांच्या रूपाने अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी भरसभेत जाहीर केले. भाषण संपविण्यापूर्वी त्यांनी आंबेडकरांना परत जाण्याआधी रजपूतवाडीच्या तळावर आपल्यासोबत भोजनास येण्याचे निमंत्रण दिले. एका छत्रपतीने अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्वानाला दिलेले हे आमंत्रण बंद खोलीतले नव्हते. हजारोंच्या साक्षीने, पंगतीचा उल्लेख करून ते दिले गेले. त्या काळी सहभोजनाच्या नुसत्या बातमीने घरे वाळीत पडत. हे ध्यानात घेतले तर शिकारीच्या तळावरच्या त्या एका जेवणाचे मोल कळते.

राजवाड्याच्या पागेत मात्र जुनेच चालू होते. तेथील नोकर गंगाराम कांबळे याने सवर्णांच्या हौदाचे पाणी घेतले म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराज त्या वेळी परगावी होते. परतल्यावर गंगारामने सोनतळीवर जाऊन पाठीवरचे वळ दाखविले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली आणि गंगारामला नोकरीऐवजी स्वतंत्र धंदा काढण्याचा सल्ला मिळाला. त्याने कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे हॉटेल थाटले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतःची गाडी तेथे थांबवून चहा घेऊ लागले. सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही कप हातात घ्यावा लागे. कामासाठी सही मागायला आलेल्यांना आधी गंगारामचा चहा प्यावा लागे, अशी आठवण सांगितली जाते. यात थोडी सक्ती होती आणि थोडा मिस्कीलपणाही. रानात जे सहज घडे ते शहरात घडविण्यासाठी राजाला एवढा खटाटोप करावा लागला.

त्यांच्या शिकारीला आजच्या दृष्टीने दुसरीही बाजू आहे. संस्थानिकांच्या हौसेने माळरानावरची काळविटे विरळ झाली आणि चित्ता तर देशातूनच नाहीसा झाला. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले व सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला. महाराजांनी राखलेले दाजीपूरचे रान १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. शिकारीसाठी राखले म्हणून ते कुऱ्हाडीपासूनही वाचले.

अखेरच्या वर्षांत पुत्रशोक आणि ढासळती प्रकृती यांनी महाराज खचले होते, तरी दौरे थांबले नाहीत. मे-जून १९२० मध्ये नागपूरच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. आंबेडकरांच्या 'मूकनायक' पत्रालाही त्यांनी अर्थसाह्य केले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉज या निवासस्थानी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते. पार्थिव कोल्हापूरला नेण्यात आले आणि पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले.