निकोलाय मार
निकोलाय याकोवलेविच मार (६ जानेवारी १८६५, कुताइसी – २० डिसेंबर १९३४, लेनिनग्राड) हे जॉर्जियात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ व पुरातत्त्वज्ञ होते. आनी या प्राचीन आर्मेनियन राजधानीचे त्यांनी केलेले उत्खनन मोलाचे मानले जाते. जॉर्जियन व तिच्या भगिनीभाषांचे बास्क आणि एट्रुस्कन भाषांशी नाते जोडून त्यांनी ‘जाफेटी’ सिद्धान्त मांडला. युरोपातील स्थळांची व जमातींची नावे ते ‘साल, बेर, योन, रोश’ या चार घटकांतून उलगडत. मात्र नियमित ध्वनिपरिवर्तनाचा आधार त्यास नव्हता. तरीही सोव्हिएत संघात या मतास राजमान्यता मिळाली. १९२९ मध्ये त्यास जाहीर विरोध करणारे भाषाशास्त्रज्ञ येवगेनी पोलिवानोव यांना मॉस्को सोडावे लागले. १९५० मध्ये स्टालिन यांनी ‘प्रावदा’मधील लेखात हे मत फेटाळल्यावर त्याचा प्रभाव संपुष्टात आला.